आपला तो बाब्या आणि भाड्याचं घर

(एका संस्थळावरचा धागा. प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

ओसरी

ऑफिसातला एक मुस्लिम सहकारी तीन महिने पुण्यात घर शोधतोय. पगार माझ्यापेक्षा जास्त, बायको शिक्षिका, एक लहान मुलगी. एजंट फोनवर गोड बोलतो, मग नाव विचारतो, आणि संध्याकाळी कळवतो, "सर, मालकांचा मुलगाच परत येतोय म्हणे." या तीन महिन्यांत एवढ्या मालकांचे मुलगे परत आले की विमानतळाला दुसरी धावपट्टी बांधावी लागेल. शेवटी आमच्याच सोसायटीतला रिकामा फ्लॅट मी सुचवला. चेअरमन म्हणाले, "माणूस चांगलाच असेल हो. पण त्यांच्यातलं कोण कधी काय करेल, सांगता येतं का?"

मला हे वाक्य जरा जास्तच लागलं. त्याला कारण आहे. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि पुढच्या दोन-चार दिवसांत सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजोबांचा वाडा पेटवला गेला. आजोबांनी गोडसेचं नाव तोवर ऐकलंही नव्हतं. जात एक, एवढाच गुन्हा. आमच्याकडे दिवाळीला सगळे जमले की ही गोष्ट निघतेच, आणि शेवटी काका म्हणतात, "केलं एकाने, भोगलं सगळ्यांनी." त्याच काकांना टीव्हीवर स्फोटाची बातमी दिसली की, "सगळे सारखेच हे." मध्ये चहाचा एक घोट.

आपल्यातला खुनी माथेफिरू आणि त्यांच्यातला खुनी म्हणजे त्यांचा धर्म. ही दोन मापं आपण एकाच घरात कशी वापरतो, हा माझा प्रश्न.

सरळरेषा

झालं, महिन्याचा दाढी कुरवाळण्याचा कोटा पूर्ण झाला.

घर मालकाचं आहे. कोणी बॅचलरला देत नाही, कोणी मांसाहारी नको म्हणतो, कोणी वकील आणि पोलीस सोडून कोणालाही देतो. त्यावर कधी धागा निघालेला पाहिला नाही. आणि दुटप्पीपणाच बघायचाय ना? मग १९८५ सालात जा. शहाबानो. नवऱ्याने तलाक दिलेल्या एका म्हाताऱ्या मुस्लिम बाईला महिना १७९ रुपये २० पैसे पोटगी सुप्रीम कोर्टाने कायम केली. त्यावर मोर्चे निघाले आणि १९८६ साली संसदेने कायदाच करून तिच्या पायाखालची सतरंजी ओढली. हिंदू बाईच्या बाबतीत असं झालं असतं तर तुम्ही लोकांनी देश डोक्यावर घेतला असता. तिथे मात्र ‘समाजाच्या भावना’. लोकांच्या मनात अढी बसली ती अशा गोष्टींमुळे, तुमच्या काकांमुळे नाही.

तळटीप

सरळरेषा, कायद्यापुरतं तुमचं बरोबर आहे, आणि हे धागाकर्त्याला आवडणार नाही. घटनेचं कलम १५ सरकारला बांधतं. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव यांच्यापुरतं ते खासगी माणसालाही लागू होतं, पण राहत्या घराचा मालक त्यात येत नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात तर सुप्रीम कोर्टाने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा पोटनियम उचलून धरला.

पण बॅचलर माणूस उद्या लग्न करेल, मांसाहारी माणूस शब्द देईल की घरात शिजवणार नाही. याने काय करायचं? नाव बदलायचं?

जाता जाता भोंग्यांबद्दल, कारण दहाव्या प्रतिसादापर्यंत ते येणारच. नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. ध्वनिक्षेपक हा कुठल्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलंय. ‘कुठल्याच’ हा शब्द आपण वाचताना गाळतो. पहाटेच्या अजानविरुद्ध सह्या गोळा करणारे मिरवणुकीतल्या डीजेपुढे नाचताना मी पाहिलेत. आणि हो, डीजेविरुद्ध लिहिणारे काही जण पहाटेच्या भोंग्याबद्दल मौनात जातात, तेही पाहिलेत.

कोकणी मुसाफिर

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. घरात कोकणी, शाळा मराठी. पुण्यात बावीस वर्षं काढल्यावरही कोणीतरी कौतुकाने म्हणतंच, "तुम्ही मराठी किती छान बोलता!" आधी राग यायचा. आता मी म्हणतो, "तुम्हीपण."

दोन गोष्टी सांगतो. ‘तुमचे लोक निषेध का करत नाहीत’ हा प्रश्न मला प्रत्येक स्फोटानंतर विचारला जातो. २६/११ च्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना मुंबईतल्या मुस्लिमांच्या दफनभूमीच्या ट्रस्टने जागा नाकारली होती. ती प्रेतं वर्षभराहून जास्त काळ शवागारात पडून होती. याहून मोठा निषेध कसा करतात, मला माहीत नाही. आणि दाभोलकरांचा २०१३ मध्ये पुण्यात भर रस्त्यात खून झाला, तेव्हा आमच्या ऑफिसात एकाही हिंदू माणसाला कोणी विचारलं नाही की तू निषेध केलास का. विचारायला नकोच होतं. मला का विचारतात, एवढंच.

दुसरी गोष्ट सरळरेषांच्या बाजूची. आमचे हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १८ एप्रिल १९६६ ला तोंडी तलाकविरुद्ध त्यांनी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा नेला. सातच. १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. आमच्या लोकांनी त्यांना शिव्या दिल्या, हे खरंच आहे. पण ज्यांनी त्यांना उचलून धरलं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना दलवाई हवे होते ते आम्हाला झोडायला काठी म्हणून. घर भाड्याने द्यायची वेळ आली की दलवाईही ‘त्यांच्यातलेच’.

चाफेकळी

पुरुषमंडळी, बायकांची नावं घेऊन भांडताय तर जरा ऐका.

ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तोंडी तिहेरी तलाक रद्द केला, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याच कोर्टाने शबरीमला सगळ्या वयाच्या बायकांना खुलं केलं, तर त्याच ग्रुपवर ‘कोर्टाने श्रद्धेत पडू नये’. एका वर्षात न्यायालय इतकं कसं बिघडलं? हाजी अलीच्या मजारीपर्यंत जायचा बायकांचा हक्क २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने दिला आणि पुढे ट्रस्टने तो मान्यही केला. त्याच वर्षी शनिशिंगणापूरचा चौथराही खुला झाला. दोन्हीकडे बायकांनाच भांडावं लागलं.

२०१९ च्या कायद्याने एका दमात तलाक म्हणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. बायकोला न सांगता टाकून देणाऱ्या इतर धर्मांच्या नवऱ्यांना? आमच्या आळीत अशा दोघी आहेत. त्यांचे नवरे लग्नसमारंभात मिरवतात.

सरळरेषा

चाफेकळीताई, अर्धंच सांगितलंत. हिंदू माणसाने दुसरं लग्न केलं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, मुसलमानाला मुभा. याला काय म्हणायचं?

चाफेकळी

अन्यायच म्हणायचं. मुभा काढा, मी पहिली सही करते. फक्त चार बायका आणि चाळीस मुलं हे चित्र खोटं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याला आणखी बायको आहे असं सांगणाऱ्या बायका मुस्लिमांत १.९ टक्के आणि हिंदूंत १.३ टक्के निघाल्या. हिंदूंत तो गुन्हा असूनसुद्धा. मुलांचं म्हणाल तर १९९२-९३ मध्ये मुस्लिम बाईमागे सरासरी ४.४ मुलं होती, या पाहणीत २.४ च्या आत आली. हिंदूंची ३.३ वरून १.९ वर आली. दोघी एकाच जिन्याने उतरतायत, एक दोन पायऱ्या मागे आहे. शाळा, दवाखाना, पगार जसा पोचेल तशी.

सरळरेषा

आकडे तपासून बोलतो. पण एक मान्य करतो, कारण इथे माझं खरं नाव कोणाला माहीत नाही. माझा एक फ्लॅट रिकामा आहे. मागच्या वर्षी एका मुस्लिम डॉक्टर जोडप्याला मी नाही म्हटलं. शहाबानोमुळे नाही. शेजारचे काय म्हणतील म्हणून. एजंटला सांगितलं, भाचा येणार आहे.

भोचक

आला का भाचा?

सरळरेषा

मला भाचाच नाही.

ओसरी

सहकाऱ्याला घर मिळालं, कोंढव्यात. मालक मुस्लिम, आजूबाजूला सगळे मुस्लिम. ऑफिसला यायला आता सव्वा तास लागतो. काल आमचे चेअरमन भेटले, म्हणाले, "मिळालं ना? बरं झालं. आपल्या लोकांत राहायलाच आवडतं बघा त्यांना."