मदत हवी आहे: रीबूटनंतर ४जी डोंगल सीडी-रॉमच राहतो
डेबियन १२ (लिनक्स), यूएसबी डोंगल; तो आधी सीडी-रॉम म्हणून दिसतो, मोड बदलला की मोडेम होतो. मशीन रीबूट झालं की डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) फक्त एसआर० (सीडी ड्राइव्ह) दिसतं, टीटीवाय-यूएसबीचा (मोडेमचा) एकही पोर्ट नाही, मोडेममॅनेजरची (मोडेम सांभाळणाऱ्या सर्व्हिसची) यादी रिकामी. डोंगल काढून परत लावला की लगेच तीन पोर्ट येतात, नेट सुरू. म्हणजे सिम, एपीएन (मोबाइल नेटची सेटिंग) ठीक आहेत.

यूएसबी-मोडस्विच (डोंगलचा मोड बदलणारं साधन) आणि त्याचं डेटा पॅकेज टाकलेलं आहे. रूटने (अ‍ॅडमिन म्हणून) हाताने कमांड दिली तरी मोड बदलतो. वेगळ्या अ‍ॅडॅप्टरवरचा हब लावला, ऑटोसस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणं) बंद केलं, फरक शून्य. बूटच्या वेळी युडेव्हचा (डिव्हाइस सापडलं की ठरलेली कामं करणाऱ्या यंत्रणेचा) नियम फार लवकर चालून वाया जातो, असा संशय आहे.

मशीन शेतावरच्या पंपघरात असतं, दर वेळी डोंगल उपसायला कोण जाणार! तर मोडस्विचची कमांड सिस्टिमडी (बूटला सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) सर्व्हिसमधून मोडेममॅनेजरच्या आधी चालवावी, की बूट झाल्यावर युडेव्ह ट्रिगर ‘अ‍ॅड’सह (डिव्हाइस नुकतंच लागल्याचा संकेत) परत दिला तरी भागेल?