दाभोळ खाडीतली मासळी: अभ्यास कुठून सुरू करावा? (तीन टोपणनावांची चर्चा)

खाडीकाठ: दाभोळ खाडीत उतरणाऱ्या वाशिष्ठी नदीत पोफळीकडून कोयनेच्या वीजगृहांचे गोडे पाणी वर्षभर येते. त्याचा बोय, जिताडा या माशांवर आणि कोळंबीवर काय परिणाम होतो हे गावपातळीवर तपासायचे आहे. काय मोजावे?

निमखारा: आधी क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा. खाडीच्या मुखापासून वरपर्यंत पाच ठिकाणे ठरवा. प्रत्येक ठिकाणी पृष्ठभागाचे आणि तळाचे पाणी वेगवेगळे घ्या, कारण गोडे पाणी हलके असल्याने वर तरंगते. फक्त वरचे मोजलेत तर खाडी आहे त्यापेक्षा गोडी वाटेल. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचे उपकरण) दरवेळी शुद्ध पाण्यावर शून्याला लावा. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांच्या नोंदी कधीही मिसळू नका. भरतीची अवस्था आणि वेळ लिहिलीच पाहिजे. वीजगृहातून पाणी सोडण्याचे तासही मिळवा.

रेणवी: मासळीचे नुसते किलो लिहू नका. जाळ्याचा प्रकार, आसाची (जाळ्याच्या छिद्रांची) मापे, जाळे पाण्यात किती तास होते, हे हवेच. किलो भागिले तास काढल्याशिवाय दोन महिन्यांची तुलना व्यर्थ. प्रत्येक वेळी पन्नासेक कोळंब्यांची लांबीही मोजा. मोठ्या कोळंब्या समुद्रात अंडी घालतात, पिल्ले खाडीत वाढायला येतात. बारीक आसाच्या बोकशीत (पिशवीसारख्या जाळ्यात) पिल्लेच जास्त सापडली, तर नुकसान बाहेरच्या समुद्रातल्या मासेमारीचेही आहे. माझ्या मते पहिला नियम आसाबद्दलच करावा.

निमखारा: विरघळलेला प्राणवायू पहाटे मोजा, तेव्हा तो सर्वांत कमी असतो. नमुन्याच्या बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा फुगतो.