आईचं नाव रांगेत लावायचंय : हाउसिंग ऑथॉरिटीची वेटलिस्ट

[मॉडरेटरकडून: मंडळाच्या ईमेल लिस्टवरचा हा धागा पुढेही लोकांना लागेल म्हणून जपून ठेवतोय. विषय घरातला आहे, त्यामुळे सगळ्यांची नावं काढली आहेत. बाकी मजकुराला हात लावलेला नाही.]

प्रेषक: नाट्यवाचन गटातली सभासद

नमस्कार मंडळी,

थोडं संकोचत विचारतेय. आई चार वर्षांपूर्वी ग्रीन कार्डवर आमच्याकडे न्यू जर्सीला आली. वय 67. बाबा गेल्यावर तिकडे एकटी नको म्हणून आम्हीच आग्रह केला होता. आमचं दोन बेडरूमचं अपार्टमेंट. मुलगी आता चौदाची, तिला दार लावता येईल अशी खोली हवी आहे. आई हॉलमध्ये सोफा-कम-बेडवर झोपते. तक्रार करत नाही. पण परवा भाजी निवडता निवडता म्हणाली, "एक खोली आणि एक ओटा मिळाला तरी मला पुरे गं. जवळपासच."

लायब्ररीतल्या बाईंनी सांगितलं की सीनियर लोकांसाठी हाउसिंग ऑथॉरिटीची, म्हणजे स्थानिक सरकारी गृहसंस्थेची, कमी भाड्याची घरं असतात. घरी विषय काढला तर नवरा म्हणतो, आपल्या दोघांचे पगार बघून कोण दारात उभं करणार?

आईचं उत्पन्न म्हणजे बाबांची फॅमिली पेन्शन, महिन्याला साधारण तीस हजार रुपये. शिवाय गावाकडच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचं नाव लागलंय. त्यावर काका, आत्या, चुलतभाऊ मिळून अकरा नावं आहेत आणि कोणाचं कोणाशी पटत नाही.

आमचे पगार आडवे येतील का? ती जमीन? आणि पुढे तिच्या सिटिझनशिपला काही खोट येईल का? कोणी हे केलं असेल तर सांगा. मला एकटीला लिहिलंत तरी चालेल.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

मनात असलं की घरात जागा होते. आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत सात जण वाढलो. आईला सरकारी घरात पाठवायचे सल्ले मंडळाच्या लिस्टवर मागायची वेळ यावी, याचं वाईट वाटलं.

प्रेषक: माजी खजिनदार

काका, आदर ठेवून सांगतो. सात जणांत मीही वाढलो. त्या सातांत माझी आजी होती, आणि तिला उभ्या आयुष्यात स्वतःची खोली मिळाली नाही. तिला ती हवी होती का, हे आम्ही कधी विचारलंच नाही. इथे आईने स्वतः सांगितलंय.

आता ताई, तुमच्याकडे वळतो. माझे आईवडील साडेचार वर्षं रांगेत होते. आता सीनियर बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आहेत, माझ्या घरापासून बारा मिनिटांवर.

पगाराचं आधी, कारण इथेच निम्मे लोक अर्ज न करता परत फिरतात. उत्पन्न मोजतात ते त्या घरात जी माणसं राहणार आहेत त्यांचं. आई एकटी राहणार असेल तर तिचं एकटीचं. आज ती तुमच्या पत्त्यावर राहते म्हणून तुमचा पगार तिच्या खात्यात पडत नाही. मात्र तुम्ही तिला दर महिन्याला ठरावीक रक्कम देत असाल तर ती तिचं उत्पन्न म्हणून धरतात. वाढदिवसाला दिलेलं पाकीट धरत नाहीत.

भाडं साधारणपणे वजावटी गेल्यावर उरलेल्या उत्पन्नाच्या 30 टक्के. तीस हजार रुपये म्हणजे ढोबळ साडेतीनशे डॉलर धरा. वयस्करांची वजावट वगैरे जाऊन आईचं भाडं शंभर डॉलरच्या आत-बाहेर येईल. पेन्शन रुपयांत येते म्हणून ती सांगायची नाही, हा सल्ला कोणी दिला तर त्यांच्याकडचा चहा पिऊन गप्प घरी या. खोटी माहिती सापडली तर घर जातंच, वर फसवणुकीचा ठपका बसतो.

जमिनीचं जरा किचकट आहे. 2016 च्या हॉटमा कायद्याने पब्लिक हाउसिंग (ऑथॉरिटीच्या स्वतःच्या इमारती) आणि सेक्शन 8 (खासगी घराच्या भाड्याला मदत) यांसाठी मालमत्तेची मर्यादा घातली. एक लाख डॉलर, आणि ती महागाईप्रमाणे वर सरकते. भारतातली मालमत्ताही त्यात येते. पण जिथे ती आहे तिथे ती विकायचा प्रत्यक्ष कायदेशीर अधिकार तुम्हाला नसेल, तर तिचं मूल्य धरत नाहीत अशी सूट आहे. अकरा नावांच्या सातबाऱ्याला ती लागू पडते का, हे ऑफिस ठरवेल. तुम्ही उतारा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर फायलीत ठेवा. एक मात्र करू नका: घाबरून भावाच्या नावे हक्कसोडपत्र. मागच्या दोन वर्षांत बाजारभावापेक्षा कमीत किंवा फुकट दिलेली मालमत्ता तुमचीच धरतात. म्हणजे जमीनही गेली आणि हिशोबातून सुटलीही नाही.

आणि "वेटलिस्ट" ही एक यादी नाही, इथेच सगळे घोळ घालतात. ऑथॉरिटीच्या स्वतःच्या इमारतींची यादी वेगळी. सेक्शन 8 व्हाउचरची वेगळी, म्हणजे खासगी घरमालकाकडे राहायचं आणि भाड्याचा मोठा भाग ऑथॉरिटी भरते. सेक्शन 202 च्या इमारती तर ऑथॉरिटीच्या नसतातच. त्या सहसा ना-नफा संस्था चालवतात, 62 वर्षांच्या पुढच्यांसाठी, आणि प्रत्येक इमारतीची आपली यादी असते, आपला फॉर्म असतो. आईसाठी मला हीच वाट सगळ्यात बरी वाटते. शिवाय आपल्या राज्यात माउंट लॉरेल खटल्यामुळे (1975 आणि 1983 चे निकाल) प्रत्येक टाउनवर परवडणाऱ्या घरांची जबाबदारी आहे. त्या घरांच्या लॉटऱ्या आणखी वेगळ्या. ती घरं राज्याच्या हाउसिंग रिसोर्स सेंटरच्या साइटवर दिसतात.

एका ठिकाणी नाव लावलं म्हणून दुसरीकडे बंदी नाही. आम्ही नऊ ठिकाणी लावलं होतं. बायको म्हणाली, लग्नासाठी स्थळं पाहिली तेव्हाही एवढे फॉर्म भरले नव्हते.

पात्र असलेल्या दर चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच केंद्राची भाडेमदत मिळते, हे मनाशी धरूनच सुरू करा. न्यूयॉर्क शहराने जून 2024 मध्ये व्हाउचरची यादी उघडली ती जवळपास पंधरा वर्षांनी, फक्त आठवडाभर, आणि लॉटरीने दोन लाख नावं आत घेतली. तिथेही आत घेतलं म्हणजे घर मिळालं असं नाही, रांगेत उभं राहायला मिळालं.

अर्जाला पैसे पडत नाहीत. जी साइट फी मागेल ती बंद करा.

प्रेषक: गणपतीच्या किचनमधली काकू

खजिनदारांनी सगळं सांगितलं, पण रांगेतून बाहेर कसं पडतात ते मी सांगते. कारण आम्ही पडलो.

सासऱ्यांचं नाव एका ऑथॉरिटीच्या यादीत तीन वर्षं होतं. दरम्यान आम्ही घर बदललं. पोस्टात पत्ता बदलला, बँकेत बदलला, मंडळाच्या डिरेक्टरीतसुद्धा बदलला. ऑथॉरिटीला कळवायचं राहून गेलं. त्यांचं पत्र आलं, "अजून इच्छुक आहात का, इतक्या दिवसांत कळवा." ते गेलं जुन्या पत्त्यावर. उत्तर नाही म्हणून नाव काढलं. आम्हाला कळलं सात महिन्यांनी, तेही मी सहज फोन केला म्हणून. तोवर यादी बंद झाली होती. सासरे काही बोलले नाहीत. दोन दिवस फक्त क्रिकेट बघत बसले.

म्हणून ताई, पत्ता, फोन, ईमेल, यातलं काहीही बदललं की त्याच आठवड्यात लेखी कळवा आणि पोच ठेवा. दुसऱ्या यादीसाठी मी किचनच्या कॅलेंडरवर दर तीन महिन्यांनी खूण केली आहे, पोर्टलवर जाऊन बघायची. काढल्याचं पत्र आलंच तर त्यात फेरविचार कसा मागायचा आणि किती दिवसांत ते लिहिलेलं असतं. तो दिवस हुकवू नका. आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे उत्तर देता आलं नसेल तर डॉक्टरांचं पत्र जोडून नाव परत लावायची विनंती करता येते.

कागदपत्रांचं म्हणाल तर आपल्या पिढीचा नेहमीचा गोंधळ. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट सगळ्यांना 1 जून ही जन्मतारीख देऊन टाकली, त्यामुळे सासरे 1 जूनचे, त्यांचे धाकटे भाऊही 1 जूनचे. इथल्या बाईंनी विचारलं, जुळे का? सासूबाईंचं तर माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, पहिलं नावसुद्धा लग्नात बदललेलं. पासपोर्ट, ग्रीन कार्ड आणि सोशल सिक्युरिटी कार्ड या तिन्हींवर नाव एकसारखं आहे ना, ते आज रात्रीच बघा. नसेल तर नावाचं प्रतिज्ञापत्र आणि लग्नाचा दाखला आत्ताच मागवायला लागा. रांग हलली की हे सगळं ते थोड्या दिवसांत मागतात.

प्रेषक: टॅक्स-मदतीत स्वयंसेवा करणारा सभासद

सिटिझनशिपबद्दल. मी वकील नाही, त्यामुळे हे वाचून झाल्यावर इमिग्रेशन वकिलाला एकदा विचाराच.

ग्रीन कार्ड असलेली व्यक्ती या घरांसाठी पात्र धरली जाते. एच-1बी, एफ-1 किंवा व्हिजिटर व्हिसावर आलेले आईवडील पब्लिक हाउसिंगला किंवा सेक्शन 8 ला पात्र नाहीत, म्हणजे बी-2 या व्हिजिटर व्हिसावर सहा महिने येणाऱ्यांनी हा धागा सोडून द्यावा. सिटिझनशिपच्या अर्जात पब्लिक चार्जची, म्हणजे माणूस सरकारी मदतीवर अवलंबून राहील का याची, परीक्षा नसते. ती येते ग्रीन कार्ड घेताना. घरांच्या मदतीवरून मधल्या काळात बरीच ओढाताण झाली. 2019 च्या नियमाने सेक्शन 8 आणि पब्लिक हाउसिंग त्यात ओढलं, 2022 च्या नियमाने बाहेर काढलं, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये तो 2022 चा नियमच रद्द करायचा प्रस्ताव आला. म्हणून वकील.

आपल्या लोकांना खरी ठेच लागते ती भारतवारीत. ग्रीन कार्डवाला सलग 180 दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिला तर परत येताना त्याला नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखं वागवता येतं, आणि तिथे पब्लिक चार्जचा प्रश्न निघू शकतो. व्हाउचरच्या घरातूनही सलग 180 दिवसांहून जास्त गैरहजर राहता येत नाही. स्थानिक ऑथॉरिटीची मर्यादा याहून कमी असू शकते. दिवाळीला जाऊन आंबे खाऊन परतायचं, हा कार्यक्रम बसणार नाही. दिवाळी किंवा आंबे, एक निवडा.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद

खजिनदार, तुमच्या आजीचं वाचून थांबलो. माझं पहिलं पत्र घाईचं होतं. एक शंका आहे. 202 च्या इमारतीचा फॉर्म नेटवर भरता येतो का, की जाऊन आणावा लागतो? मी आणि ही दोघंच आहोत आता, घर तीन मजली, आणि हिचे गुडघे गेलेत.

प्रेषक: माजी खजिनदार

काका, काही ठिकाणी नेटवर, काही ठिकाणी अजून कागदावरच. फोन करून विचारायचं. पण तुमचं घर स्वतःच्या मालकीचं आहे, त्याचा विचार आधी करावा लागेल. विकलं तर आलेली रक्कम, तिच्यावरचं व्याज, सगळं हिशोबात येतं. इथे नको, रविवारी फोन करतो.

प्रेषक: नाट्यवाचन गटातली सभासद

सगळ्यांचे आभार. काल सहा फॉर्म झाले, चार नेटवर, दोन कागदावर. आईने पासपोर्टवरचं नाव वाचून दाखवलं आणि मग स्वतःच म्हणाली, "अगं, यात तुझ्या बाबांचं नाव मधे आहे, ग्रीन कार्डावर नाहीच." म्हणजे काकू, तुमचं प्रतिज्ञापत्र आलंच आमच्याकडेही.

प्रेफरन्सच्या, म्हणजे रांगेत कोणाला प्राधान्य याच्या, रकान्यात आपल्या टाउनमध्ये राहत असल्याची खूण केली. ती खूण बरेच जण विसरतात असं तिथल्या बाई म्हणाल्या. राहत असल्याचा पुरावा म्हणून त्यांनी आईच्या नावावरचं काहीतरी मागितलं, आणि आईच्या नावावर इथे एकही बिल नाही. फोन माझ्या प्लॅनवर, लायब्ररी कार्ड तेवढं तिचं. ते चालेल का हे विचारून ठेवलंय, आणि बँकेत तिचं खातं उद्या उघडतोय.

आईने प्रत्येक अर्जाचा कन्फर्मेशन नंबर तिच्या हिशोबाच्या वहीत, वाणसामानाच्या मागच्या पानावर उतरवलाय. वर तारीख टाकून.

दोन इमारती बाहेरून बघून आलो. एकीत तळमजल्यावर कपडे धुवायची सोय आहे. दुसरीच्या खाली बसचा थांबा आहे, तीच बस देवळाकडे जाते. आईला दुसरी आवडली. स्वयंपाकघर दाखवतात का, म्हणून तिने मला पुढे केलं. नाही दाखवलं.

उतारा आणि प्रतिज्ञापत्राचं भाषांतर करून सही-शिक्क्यानिशी देणारं कोणी आपल्यात आहे का? असेल तर मला एकटीलाच लिहा, लिस्टवर नको.