नुसत्या रिंगा बदलून भागेल का?

जुन्या फोर-स्ट्रोक एटीसीचं (कच्च्या रस्त्यावरच्या तीनचाकी गाडीचं) इंजिन पहिल्यांदाच खोलताय आणि निळा धूर थांबवायला नुसत्या पिस्टनच्या रिंगा टाकायचा विचार आहे, म्हणून लिहितो. आधी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजा: वर, मध्ये, खाली, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा. या गाड्या आयुष्यभर धूळ खातात. सिलिंडर लंबगोल झाला असेल तर नवी रिंगही तेल अडवणार नाही. मग रिबोअर (सिलिंडर आतून मोठा करून घेणं) आणि ओव्हरसाइझ, म्हणजे मोठ्या मापाचा, पिस्टन, दुसरा इलाज नाही. (पिस्टन हातात आल्यावरच बोअर करून घ्या, त्याच्या मापाने.) हेड उतरलेलंच आहे तर व्हॉल्व्हपाशी तेल अडवणारी व्हॉल्व्ह सीलही बदला. कॅम चेन (क्रँकवरून व्हॉल्व्ह चालवणारी साखळी) बसवताना मॅग्नेटवरची, म्हणजे क्रँकच्या टोकाच्या चाकावरची, 'टी' खूण (पिस्टन सर्वात वर असल्याची) जुळवा आणि किक मारण्याआधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, बहुधा टायमिंग (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ) चुकलंय.