अनुभव धागा: जीवाश्मांचा तास – काय जमतं, काय फसतं

खडूधूळ

सहावी ते दहावीच्या वर्गांना जीवाश्म शिकवणाऱ्यांसाठी हा धागा आहे. "मुलांना फार मजा आली" एवढ्यावर थांबू नका. साहित्य किती लागतं, वेळ किती जातो, कुठे बिघडतं आणि का बिघडतं, ते लिहा. वर्ग चाळीस मुलांचा आणि तासिका पस्तीस मिनिटांची धरा. प्रयोगशाळा असेलच असं धरू नका.

सुरुवात मीच करते. फळ्यावर दोन रकाने आखायचे: 'दिसलं' आणि 'वाटलं'. जीवाश्माचा फोटो, ठसा किंवा खरा नमुना दाखवायचा आणि मुलं जे बोलतील ते योग्य रकान्यात लिहायचं. "तीन बोटांचे ठसे" हे दिसलं. "पक्षी चालत गेला" हे वाटलं. पहिल्या पाच मिनिटांत जवळजवळ सगळंच 'वाटलं'मध्ये जातं, आणि मुलांना ते स्वतःहून कळतं. पुढचे सगळे उपक्रम याच दोन रकान्यांत बसवायचे. हे राहिलं, तर जीवाश्मांचा तास म्हणजे हस्तकलेचा तास होतो.

शाडूवाला

साचा (वस्तूचा खोलगट ठसा) आणि ओतीव (तो भरून निघणारी प्रत) यांबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त सामान इथेच वाया जातं.

चार-चार मुलांचे दहा गट. प्रत्येक गटाला लिंबाएवढे शाडूचे तीन गोळे, एक शिंपली किंवा पान, १०० मिली पाणी आणि त्याच भांड्याने दोन भांडी प्लास्टर ऑफ पॅरिस. म्हणजे पावडर दोन, पाणी एक, हे माप आकारमानाचं. पूर्ण वर्गाला दोन किलो पावडर पुरते, अर्धा किलो जास्तीची ठेवा.

शाडू पोळीच्या कणकेपेक्षा थोडा घट्ट मळायचा. सैल असेल तर शिंपली उचलताना कडा ओढल्या जातात. दोन सेंटिमीटर जाडीची थापी करायची, वस्तू सरळ खाली दाबायची आणि सरळ वर उचलायची. हलवून काढली की ठसा दुहेरी उमटतो. शंख अर्ध्यापेक्षा खोल दाबू नका, प्लास्टर त्याच्या पोटाखाली जाऊन अडकतं. पान घ्यायचं तर पिंपळाचं किंवा फणसाचं, आणि शिरा उठून दिसतात ती खालची बाजू मातीवर. कोवळं पान चुरगळतं. थापीभोवती जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची तीन सेंटिमीटर उंच पट्टी गोल उभी करायची, तिचा तळ मातीत रुतवायचा.

आता प्लास्टर. पाण्यात पावडर, पावडरीत पाणी नाही. पावडर चिमटीने भुरभुरवत सोडायची, मिनिटभर भिजू द्यायची, मग लाकडी पट्टीने सावकाश ढवळायची. जोरात फेटलं की बुडबुडे होतात आणि शिरांच्या जागी भोकं उरतात. ओतल्यावर बाकाला खालून चार टिचक्या मारा, बुडबुडे वर येतात. मिश्रण पाच ते आठ मिनिटांत दाट होतं. दाट झाल्यावर कोणी वरून पाणी घालून "पातळ करतो" म्हणाला, तर ते ओतीव दुसऱ्या दिवशी बोटाने चुरलं जातं.

व्हॅसलीनचा अट्टहास नको. शाडू ओला असेल तर काहीच लावावं लागत नाही. रंगीत मेणमाती वापरली तरच तेलाचा हात, तोही पुसून घेतलेला. जाड थर दिला की शिरा बुजतात.

काढायला तीस-चाळीस मिनिटं लागतात, म्हणजे एका तासिकेत बसत नाही. जोडतासिका मागा, नाहीतर आज ओतून उद्या काढा. उद्यावर टाकलंत तर ओलं फडकं झाकून ठेवा, शाडू रात्रभर सुकला की तडकतो.

पोतं जुनं, दमट असेल तर प्लास्टर नीट घट्ट होत नाही. गणपतीच्या हंगामानंतर उरलेलं स्वस्तात मिळतं, पण आदल्या दिवशी वाटीभर कालवून बघा.

दोन नियम बोलून दाखवायचे आणि फळ्यावरही लिहायचे. हाताचा पंजा प्लास्टरमध्ये बुडवायचा नाही: घट्ट होताना ते तापतं, जाड थरात भाजण्याइतकं. आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतायचं नाही. भांड्यात घट्ट होऊ द्या, मग फोडून कचऱ्यात.

निळी_शाई

शाडूवाल्या दादांच्या कृतीत एक वाक्य जोडा, नाहीतर मुलं चुकीचं शिकून जातात. आपण शिंपली हाताने उचलतो. निसर्गात ती कोणी उचलत नाही. गाळ दगड होतो आणि त्यातून झिरपणारं पाणी शिंपली विरघळवतं, म्हणून पोकळी उरते. खोलगट तो साचा. ती पोकळी पुढे दुसऱ्या खनिजाने किंवा गाळाने भरली तर जे तयार होतं ते ओतीव. परीक्षेत "साचा आणि ओतीव यांतला फरक" विचारला की मुलं 'शाडूचं' आणि 'प्लास्टरचं' असं लिहून येतात!

चिंचोका

दहावीसाठी. पाठ्यपुस्तकात कार्बनी वयमापन जीवाश्मांच्या पाठोपाठच येतं, आणि तिथेच घोटाळा सुरू होतो: मुलं डायनासोरचं वय कार्बन-१४ ने काढतात.

आधी आकडे करून घ्या. अर्धायुष्य, म्हणजे कार्बन-१४ अर्धा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं. नऊ अर्धायुष्यं म्हणजे ५१,५७० वर्षं, तोवर मूळ कार्बन-१४ चा ५१२ वा भाग उरतो. साधारण पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही राहत नाही. डायनासोर नाहीसे झाले ६.६ कोटी वर्षांपूर्वी. भागाकार मुलांनाच करू द्या: साडेअकरा हजार अर्धायुष्यं. मग हाडाचं वय कसं काढतात? वरच्या-खालच्या ज्वालामुखी राखेच्या किंवा लाव्हाच्या थरांचं वय पोटॅशियम-आर्गॉन किंवा युरेनियम-शिसे पद्धतीने काढतात, आणि हाड त्या दोन वयांच्या मधलं. ही पद्धत काढणाऱ्या लिबींचं नोबेल १९६० चं, हे गुणांसाठी ठीक आहे, पण हा भागाकार जास्त महत्त्वाचा.

अर्धायुष्याचा खेळ: गटाला ६४ नाणी किंवा एका बाजूला खूण केलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या. डब्यात हलवून उलटायची, छापा आलेल्या बाजूला काढायच्या, उरलेल्या मोजायच्या. सहा-सात फेऱ्या आणि आलेख. एका गटाचा आलेख वेडावाकडा येतो, दहाही गटांची बेरीज केली की तो सुरेख वळतो. ती बेरीज फळ्यावर झालीच पाहिजे.

फोडलेले चिंचोके वापरायचा मोह होतो, कारण सारीपाटाला तेच वापरतात. पण चिंचोक्याची एक बाजू फुगीर, एक सपाट. दोन्ही बाजू सारख्या प्रमाणात पडत नाहीत आणि 'अर्धं' कधीच येत नाही. हुशार वर्ग असेल तर मुद्दाम चिंचोके द्या आणि "अर्धं का नाही आलं?" विचारा.

सुतळीगुंडी

काळाची दोरी. ४६ मीटर सुतळी, पृथ्वीचं वय ४६० कोटी वर्षं. एक मीटर म्हणजे १० कोटी, एक सेंटिमीटर म्हणजे १० लाख, एक मिलिमीटर म्हणजे एक लाख. आपल्या कोटी-लाखांत हिशेब इतका सरळ बसतो की मिलियन-बिलियनची गरजच पडत नाही.

मोजायचं आजच्या टोकापासून मागे. जुन्या टोकापासून मोजलं की वजाबाकीत निम्मा वर्ग हरवतो.

सूक्ष्मजीवांच्या सर्वांत जुन्या खुणा सुमारे ३५ मीटरवर. ट्रायलोबाइट (समुद्रातले जुने कवचवाले प्राणी) ५.२ मीटरवर सुरू होतात, अडीच मीटरवर संपतात. डायनासोर २.३ मीटरवर येतात. पिसांचा, पक्ष्यासारखा आर्किऑप्टेरिक्स दीड मीटरवर. डायनासोरांचा शेवट ६६ सेंटिमीटरवर, आणि आपल्या सह्याद्रीचा काळा दगडही साधारण तिथलाच, ही खूण दुसऱ्या रंगाने लावा. आपली मानवजात ३ मिलिमीटर. १६७४ चा राज्याभिषेक मुलं हमखास विचारतात: ०.००३५ मिलिमीटर, वहीच्या कागदाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी.

गाठी मारू नका. एक गाठ सेंटिमीटरभर दोरी खाते, म्हणजे दहा लाख वर्षं! कपड्यांचे चिमटे वापरा. लांब व्हरांडा नसेल तर २३ मीटर जाऊन परत या. वर्गात ४.६ मीटरची दोरीही चालते, पण माणूस ०.३ मिलिमीटरचा होतो आणि मागच्या बाकांना काही दिसत नाही.

चिमटे लावण्याआधी मुलांना अंदाजाने उभं राहू द्या: "डायनासोर कुठे?" बहुतेक जण दोरीच्या मध्यावर जाऊन उभे राहतात. त्यांना तिथेच उभं ठेवून मोजा.

काळा_कातळ

पश्चिम महाराष्ट्रातल्या शिक्षकांसाठी इशारा. घाटात थर दिसतात, मुलं म्हणतात "यात जीवाश्म असतील". ते थर गाळाचे नाहीत, लाव्हाचे आहेत. तापलेल्या लाव्हात प्राणी टिकत नाही. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात जिथे तळी साचली, त्या पातळ थरांत मात्र गोगलगाई, बिया, लाकूड सापडतं. विदर्भात आणि मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे असे थर आहेत, आणि वनस्पती-जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल सहानींनी त्यांतल्या वनस्पतींवर काम केलं.

म्हणून बाटलीत वाळू-माती-खडूचे थर भरून "हा आपला सह्याद्री" म्हणू नका. "हा नदीचा किंवा समुद्राचा तळ" म्हणा.

फसवे नमुनेही मुद्दाम ठेवा. फटीत पसरलेली मँगनीजची काळी झुडपं अगदी नेच्यासारखी दिसतात. शेवाळी अकीक या दगडातलं 'शेवाळ' हे शेवाळ नसतं, तेही खनिजच. ओळखायचं कसं? खऱ्या पानाला मधली शीर, कडा आणि ठरावीक मांडणी असते. खनिजाची झुडपं फटीच्या कडेपासून फुटतात आणि वाटेल तशी पसरतात.

देवघर_आणि_भिंग

शाळिग्राम! अनेक घरांत असतो. नेपाळमधल्या गंडकीच्या पात्रातला, आणि ज्यात चक्र दिसतं तो म्हणजे काळ्या दगडातला अमोनाइट, सागरी प्राण्याचं कवच. हिमालयाच्या जागी समुद्र होता, हे सांगायला याहून जवळचं उदाहरण नाही.

पण वर्गात आणायला सांगू नका. हरवला, पडला, तर कठीण होतं, आणि घरच्यांची भावनाही असते. "घरी बघा, वळ्या दिसतात का, चित्र काढून आणा" एवढंच. सगळ्यांत चक्र नसतं, बाजारात कोरलेलेही मिळतात. चित्रात वळ्यांवरचे आडवे कंगोरे आले असतील तर मूल खरंच निरखून आलंय.

फरशाही बघायला लावा. जैसलमेरच्या पिवळ्या फरशीवर ओलं फडकं फिरवून भिंग धरलं तर कधीकधी शिंपल्यांचे कापलेले छेद दिसतात. शहाबादीत शोधून उपयोग नाही, ती कवचवाले प्राणी येण्याच्याही आधीची. हा 'नाही' मुलांना खूप शिकवतो.

कोळसापट्टा

चंद्रपूर, वणी, उमरेडच्या बाजूला शिकवत असाल तर डायनासोरपासून सुरुवातच करू नका. ग्लोसोप्टेरिस ही नामशेष वनस्पती घ्या. कोळशाच्या थरांलगतच्या करड्या शेलमध्ये (चिखलाचा पापुद्री दगड) जिभेच्या आकाराची पानं, मधली ठळक शीर आणि जाळीदार शिरा. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका, सगळीकडे तीच, कारण हे खंड एकेकाळी जोडलेले होते. ब्रिटिश ध्रुवप्रवासी स्कॉटची तुकडी १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना जे दगड ओढत आणत होती, त्यांतही ती होती.

उपक्रम: खंडांचे पुठ्ठ्याचे तुकडे, त्यांवर पानाची खूण, आणि "जोडून दाखवा". तुकडे किनारपट्टीवर न कापता किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्राच्या बाहेरच्या कडेवर कापा, नाहीतर फटी राहतात आणि मुलं म्हणतात, "जुळत नाही, सर."

नमुन्यासाठी मुलांना खाणीत पाठवायचं नाही. शेल पाण्यात भिजला की पापुद्रे सुटतात, म्हणून मिळालेला तुकडा कोरड्या कापसात ठेवायचा, धुवायचा नाही.

सिरोंच्याकडच्यांना आणखी एक: बारापासॉरस टागोराय. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातला जुरासिक डायनासोर. बंगालीत 'बारा पा' म्हणजे मोठा पाय, आणि टागोरांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास हाडं निघाली म्हणून त्यांचं नाव. नामकरण १९७५ चं, सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. पटांगणावर फक्कीने १४ मीटर रेघ मारा, आणि मांडीच्या हाडासाठी १.७ मीटर. त्या हाडाशेजारी मुलांना झोपवून बघा.

भिजका_स्पंज

हाडाचा दगड कसा होतो, ते दाखवायला: सेंटिमीटरभर जाड स्पंजचं हाड कापा. १०० मिली कोमट पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दोन मोठे चमचे. तळाशी थोडं न विरघळता उरेपर्यंत चिमूट-चिमूट मीठ वाढवत ढवळा. स्पंज बुडवा, ताटलीत ठेवा, रोज चमचाभर द्रावण घाला. पाच-सहा दिवसांत कडक होतो. शेजारी साध्या पाण्यात भिजवलेला स्पंज ठेवाच, त्याशिवाय तुलना नाही.

सांगायचं असं: स्पंज मिठाचा 'झाला' नाही, त्याच्या छिद्रांत मीठ बसलं. हाडात आणि लाकडात सिलिका किंवा कॅल्साइट हे खनिज असंच बसतं, फक्त फार सावकाश.

खडूधूळ

@भिजका_स्पंज, हा धडा ऐन पावसाळ्यात आला तर? मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं.

भिजका_स्पंज

ओढतंच, आणि स्पंज आठवडाभर चिकट राहतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात ६० वॅटचा पिवळा बल्ब लटकवायचा, स्पंजपासून वीतभर वर, खोक्याला दोन्ही बाजूंनी रुपयाएवढी चार-चार भोकं. एलईडी चालणार नाही, तो तापत नाही. शाळा सुटताना बल्ब बंद करायचा, रात्री झाकण लावून ठेवायचं. तयार झालेला स्पंज लगेच झिपच्या पिशवीत टाका, नाहीतर पुढच्या तुकडीचा तास येईपर्यंत पुन्हा मऊ झालेला असतो.