लेकीच्या व्हिडिओ कॉलवर आमची चिंगी फोनच्या मागे जाऊन शोधते. तिला नक्की काय दिसतं?

चिंगीची_आजी (कोथरूड)

नमस्कार मंडळी. चिंगी आमची मांजर, साडेचार वर्षांची. पावसाळ्यात नळस्टॉपपाशी रिक्षाखाली भिजत बसलेली माझ्या धाकट्या लेकीला सापडली, ओढणीत गुंडाळून घरी आली, आणि तेव्हापासून ती लेकीचीच. खायला मी घालते, पण झोपणार तिच्याच पायाशी.

सप्टेंबरात लेक शिकायला जर्मनीला गेली. रोज रात्री साडेनऊला तिचा व्हिडिओ कॉल येतो. पहिल्याच आठवड्यात मी हौसेने फोन चिंगीच्या नाकाशी धरला. लेकीने "चिंगूऽ" म्हणून हाक मारली. कान लगेच ताठ! पण पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. फोनला वळसा घालून मागे गेली, कव्हर हुंगलं, माझ्या कोपराखाली डोकं घालून पाहिलं. मग लेकीच्या खोलीत जाऊन पलंगाखाली, कपाटामागे शोधलं आणि शेवटी बाहेरच्या दाराशी येऊन बसली. पाऊण तास हलली नाही. लेक तिकडे रडायला लागली.

चिमण्यांचा व्हिडिओ लावला की मात्र हीच चिंगी पडद्यावर पंजे मारते. म्हणजे दिसतं तर! मग लेकीचा चेहरा का ओळखत नाही? दोनदा तर पंजा मारून तिने कॉलच बंद केला. मला खरी काळजी एवढीच आहे की हाक ऐकवून आपण त्या जिवाला उगाच त्रास देतोय का? कॉल करताना तिला दूर ठेवावं का?

शिरवळ_पशुवैद्यक

काकू, मी शिरवळला पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आधी तुम्ही "नाकाशी" लिहिलंय त्याबद्दल. मांजराला साधारण एका फुटाच्या आतलं धड स्पष्ट दिसतच नाही. तेवढ्या जवळचं ती मिशांनी आणि नाकाने ओळखते. लांबचंही तिला आपल्याइतकं बारकाईने दिसत नाही. रंगांत निळा आणि पिवळसर हिरवा कळतो, लाल मळकट दिसतो. तिचे डोळे अंधुक उजेडासाठी आणि हालचाल टिपण्यासाठी घडलेले. चिमणी टुणकन उडते, ती हालचाल डोळ्यांत भरते. कॉलवरचा चेहरा बोलत असला तरी जवळजवळ जागच्या जागीच असतो. त्यात नेट अडखळलं की चित्र तुकड्यातुकड्यांनी येतं, आणि असले तुटक धक्के तिच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त जाणवतात. शिवाय त्या चेहऱ्याला वास नाही.

पण आवाज ती ओळखते, यात शंका नको. टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये घरातल्या मांजरांना अनोळखी माणसांच्या आणि मालकाच्या हाका ध्वनिमुद्रित करून ऐकवल्या. अनोळखी हाकांना मांजरं हळूहळू सरावली, मालकाची हाक येताच पुन्हा कान-मान हलली. २०२१ मध्ये क्योटोच्या संशोधकांनी त्यापुढचं दाखवलं. मालकाचा आवाज एकीकडून आला आणि लगेच भलत्याच ठिकाणाहून आला, तर मांजरं चकित होतात. माणूस दिसत नसतानाही तो कुठे असेल याचा अंदाज ती मनात बांधून असतात. चिंगी फोनच्या मागे गेली ती याचसाठी. आवाज इथे आहे, म्हणजे ताई इथेच कुठेतरी असणार, हा तिचा सरळ हिशोब.

बुधवारातला_कारागीर

ताई, माझं बुधवार पेठेत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून पंजाचं मी सांगतो. हल्लीचा टच दाबाने नाही, त्वचेतून जाणाऱ्या विजेच्या सूक्ष्म फरकाने चालतो. मांजराच्या पंजाची गादी उघडी असते, ती आपल्या बोटासारखीच काम करते. नखाने किंवा केसाळ भागाने टच लागत नाही. म्हणजे तिची गादी नेमकी लाल बटणावर पडली असणार. अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये स्क्रीन पिन करा. त्याने कॉल कापायचा थांबणार नाही, पण चिमण्या बघताना तिचा पंजा लागून फोनवर दुसरं काही उघडणार नाही. काच फुटण्याचा धोका नखांपेक्षा फोन टेबलावरून ढकलण्याचा जास्त. माझ्याकडे तसेच फोन येतात. जाड कव्हर घाला.

दोन_बोके_सहकारनगर

चिमण्यांच्या व्हिडिओबद्दल एक सांगते. आमचा धाकटा बोका पडद्यावरचे मासे पकडता पकडता चिडचिडा झाला होता, कारण हाताला कधीच काही लागत नाही. आता पाच मिनिटांत बंद करते आणि शेवटी पिसाची काडी खरोखर पकडू देते. आणि काकू, लेकीचा न धुतलेला एखादा कपडा असेल तर कॉलच्या वेळी जवळ ठेवून बघा. आवाजाबरोबर वास मिळाला तर ती दाराशी जाणार नाही, असं मला वाटतं.

चिंगीची_आजी (कोथरूड)

सगळ्यांचे मनापासून आभार. दिवाळीच्या साफसफाईत मी लेकीच्या चादरी, उशीचे अभ्रे, सगळं धुवून टाकलं होतं. तुमचा निरोप वाचून इतकं वाईट वाटलं! मग माळ्यावरच्या बॅगेत तिचा जुना स्वेटर सापडला, सिंहगडावर नेलेला, तसाच न धुता राहिलेला. तो तिच्या पलंगावर पसरला, फोन दोन हात लांब मेजावर ठेवला, चित्र बंद करून फक्त आवाज.

पहिल्या रात्री चिंगी पलंगाखाली बघून आली, पण दाराशी गेली नाही. चौथ्या रात्री स्वेटरवर चढली, पुढचे पंजे आळीपाळीने दाबत राहिली आणि तिथेच झोपली. लेकीला म्हटलं, हाका मारू नकोस, नुसती बोलत राहा. आता ती जर्मनचे धडे मोठ्याने वाचते. तिकडची घड्याळं मागे गेल्यापासून कॉल साडेदहाला येतो, चिंगी मात्र साडेनऊलाच स्वेटरवर जाऊन बसते.

सहकारनगरच्या ताई, एक विचारायचं राहिलं. स्वेटरचा वास किती दिवस टिकेल? लेक म्हणते, वापरलेला टी-शर्ट पिशवीत घट्ट बांधून कुणाबरोबर तरी पाठवते. पाठवू दे ना?