काचबिंदू: नजर साफ आहे, तरी आयुष्यभर ड्रॉप्स?

रानजाई: चष्म्याचा नंबर तपासायला गेले आणि काचबिंदूचं निदान घेऊन आले. वय ४७. डोळ्याचं प्रेशर उजवीकडे २६, डावीकडे २४. ओसीटी (डोळ्याच्या नसेचा स्कॅन) आणि फील्ड टेस्ट (आजूबाजूची नजर किती शाबूत आहे ती तपासणी) झाली. उजव्या डोळ्याची नस थोडी खराब झाली आहे म्हणे. रोज रात्री प्रेशर उतरवणाऱ्या लॅटॅनोप्रॉस्टचा एक थेंब, तोही कायमचा. पण मला तक्त्यावरची शेवटची ओळ नीट वाचता येते, काही दुखत नाही, डोळा लाल नाही. थोडे महिने थांबून बघितलं तर? की मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून एकदाचं मोकळं होता येतं?

जुनाचष्मा: ताई, थांबू नका. मी बरीच वर्षं काचबिंदूसोबत राहतोय, म्हणून पोटतिडकीने सांगतो.

तक्ता फक्त मधली नजर तपासतो, आणि ती बहुतेकांची अगदी शेवटपर्यंत टिकते. आधी कडेची जाते. माझ्या फील्डच्या कागदावर नाकाच्या बाजूला, मध्यरेषेच्या वर, काळा पट्टा उमटला होता. घरी येऊन एक डोळा झाकला आणि भिंतीवर तो पट्टा शोधत बसलो. कुठेच सापडला नाही. गेलेला भाग काळा दिसतच नाही, मेंदू आजूबाजूचं घेऊन तो भरून काढतो. दोन्ही डोळे उघडे असले की दुसरा डोळा सांभाळून घेतो.

डोळ्याच्या आत पाणी तयार होत असतं (अश्रू वेगळे) आणि बुबुळाच्या कडेच्या कोनातून ते बाहेर पडतं. निचरा अडला की प्रेशर वाढतं आणि मागे नसेचे तंतू मरू लागतात. मेलेले तंतू परत येत नाहीत, म्हणून ऑपरेशननेही गेलेली नजर मिळत नाही. मोतीबिंदूत गढूळ भिंग बदलतात. इथे ड्रॉप्स, लेझर, ऑपरेशन हे सगळं प्रेशर उतरवण्यासाठीच.

२१ पर्यंतचं प्रेशर नॉर्मल धरतात, पण तो आकडाही लक्ष्मणरेषा समजू नका. कुणाची नस १६ लाही झिजते, कुणाची २५ लाही शाबूत राहते. तुमची झिजायला लागली आहे, म्हणून औषध. डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा. कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) किती जाड आहे? सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. पातळ असेल तर मशीन प्रेशर कमी दाखवतं. आणि गोनिओस्कोपीत, म्हणजे निचऱ्याचा कोन बघायच्या तपासणीत, तो उघडा दिसला की अरुंद? अरुंद असेल तर उपचाराची वाटच बदलते.

ड्रॉप्स नकोच वाटत असतील तर एसएलटी, म्हणजे पाण्याचा निचरा सुधारणाऱ्या लेझरबद्दल बोला. उघड्या कोनाच्या काचबिंदूत ते पहिला उपचार म्हणूनही करतात. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या ‘लाइट’ नावाच्या संशोधन चाचणीत, आधी लेझर केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोकांचं प्रेशर तीन वर्षांनीही ड्रॉप्सशिवाय ताब्यात होतं. असर ओसरू शकतो, तपासण्या मात्र सुटत नाहीत.

फील्डवाली: मी फील्ड टेस्ट घेते, तेवढंच सांगते. पहिली टेस्ट बऱ्याच जणांची बिघडते. मधल्या दिव्यावरून नजर हलते, किंवा ठिपका दिसला नाही की लोक घाबरून उगाच बटण दाबतात. निम्मे ठिपके दिसणार नाहीत इतके अंधुक असतात, मशीन तसंच चालतं. दमलात तर बटण दाबून धरा, टेस्ट थांबते. एका कागदावरून निष्कर्ष नको. पुन्हा बोलावलं तर नक्की जा.

रानजाई: आज डॉक्टर फोनवर म्हणाले, एका थेंबाने भागलं नाही तर टिमोलॉल हे दुसरे ड्रॉप्स जोडू. मला दमा आहे, ते सांगायचं राहिलं. फरक पडतो का?

जुनाचष्मा: खूप पडतो! उद्याच कळवा. टिमोलॉल डोळ्यात घातलं तरी नाकावाटे रक्तात उतरतं आणि दम्याचा जोरदार झटका येऊ शकतो, नाडीही मंदावते. दुसरे पर्याय आहेत. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप किंवा गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, स्टेरॉइडने काहींचं प्रेशर चढतं.

लॅटॅनोप्रॉस्ट मात्र आज रात्रीच सुरू करा. खालची पापणी ओढून एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोनेक मिनिटं दाबून धरा. सुरुवातीला लाली येते, पापण्यांचे केस लांब होतात, घाबरू नका. पण डोळा प्रचंड दुखला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलट्या झाल्या, तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत जा.

आणि सख्ख्या भावंडांना तपासून घ्यायला सांगा, त्यांना धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो.

रानजाई: धाकट्या भावाला आत्ताच मेसेज केला. कॉर्नियाची जाडी रिपोर्टवर सापडली, ५०८.

जुनाचष्मा: म्हणजे पातळ. खरं प्रेशर २६ च्या वरही असू शकतं. पुढच्या भेटीत टार्गेट प्रेशर, म्हणजे प्रेशर कितीपर्यंत उतरवायचं, ते किती ठेवलंय हे विचारून लिहून घ्या.